दूरचा मीडिया सर्व्हर अडखळतो तेव्हा: कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

प्लेक्स, जेलीफिन किंवा एम्बी यांसारखा मीडिया सर्व्हर, म्हणजे आपल्या संग्रहातले चित्रपट इतर उपकरणांवर दाखवणारा प्रोग्राम, घरातल्याच नेटवर्कवर चालवताना सहसा काही अडत नाही. तोच सर्व्हर भाड्याने घेतलेल्या दूरच्या यंत्रावर हलवला, किंवा घरचा सर्व्हर बाहेरून वापरायला घेतला, की दर काही मिनिटांनी चित्र थांबते, चक्र फिरू लागते, आणि चित्रपट पुढे सरकवला तर बराच वेळ नुसता काळा पडदा दिसत राहतो. अशा वेळी बहुतेक जण पहिला उपाय म्हणून अधिक वेगाची जोडणी किंवा अधिक ताकदीचा सर्व्हर घेतात. माझ्या अनुभवात या दोन्हींवरचा खर्च बऱ्याचदा वाया जातो, कारण दोष तेथे नसतोच. फाइल डिस्कवरून वाचली जाते, गरज पडल्यास तिचे रूपांतर होते, मग ती इंटरनेटवरून प्रवास करते आणि शेवटी पाहणाऱ्याच्या उपकरणात उलगडली जाते. या साखळीतली नेमकी कोणती कडी अडते आहे हे आधी मोजून ठरवावे आणि मगच हात घालावा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीच फाइल, त्याच जागेपासून, पुन्हा चालवून पाहावी; दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

आधी डॅशबोर्ड वाचावा

चित्रपट अडखळत असतानाच दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडावा. चालू असलेल्या प्रत्येक स्ट्रीमपुढे तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते. ‘डायरेक्ट प्ले’ असेल तर फाइल जशीच्या तशी पाठवली जात आहे आणि सर्व्हरला ती वाचून देण्यापलीकडे काही काम नाही. ‘डायरेक्ट स्ट्रीम’ असेल, ज्याला जेलीफिनमध्ये रीमक्स म्हणतात, तर आतले चित्र तेच ठेवून फक्त बाहेरचे वेष्टन, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र बांधणारा फाइलचा प्रकार, बदलले जात आहे. याचा भारही नगण्य असतो. ‘ट्रान्सकोड’ असेल तर मात्र सर्व्हर प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा नव्याने आवळतो आहे, आणि दूरच्या सर्व्हरबद्दलच्या बहुतेक तक्रारी येथेच उगम पावतात. ट्रान्सकोड लिहिलेले दिसले तरी ते चित्राचे आहे की केवळ आवाजाचे, हे नीट पाहावे. आवाजाच्या रूपांतराला प्रोसेसरची फारशी ताकद लागत नाही; चित्राच्या रूपांतराला भरपूर लागते.

हे किती महत्त्वाचे आहे ते एका प्रसंगावरून सांगतो. माझ्याकडे १०८०पी आकाराची, एच.२६४ या पद्धतीने आवळलेली आणि सरासरी ९ मेगाबिट प्रति सेकंद बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला तेवढा डेटा लागणारी, एक फाइल होती. सर्व्हरपासून दूरचित्रवाणी संचापर्यंतचा मार्ग याच्या कितीतरी पट वेग सहज पेलत होता, तरीही ती त्या एका संचावर दर मिनिटाला थांबत असे. त्याच घरातल्या फोनवर मात्र सुरळीत चालत असे. मी आधी राउटर बदलून पाहिला, मग वायर टाकली, आणि दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. डॅशबोर्ड उघडल्यावर कारण एका ओळीत लिहिलेले होते: चित्राचे ट्रान्सकोडिंग, सबटायटल चित्रावर छापण्यासाठी. ते सबटायटल ब्लू-रे डिस्कवर असते तसे पीजीएस प्रकारचे, म्हणजे मजकूर नसून चित्रांच्या स्वरूपातले होते. संचाला ते दाखवता येत नव्हते, म्हणून सर्व्हर पूर्ण चित्रपट उलगडून त्यावर अक्षरे उमटवून पुन्हा आवळत होता. रूपांतर करणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रामच्या नोंदींमध्ये वेगाचा आकडा ०.७ च्या आसपास होता, म्हणजे सर्व्हरला एका सेकंदात ०.७ सेकंदाचेच चित्र तयार करता येत होते. हा आकडा १ च्या खाली असेल तर इंटरनेट कितीही वेगवान असले तरी चित्र थांबणारच. त्याच चित्रपटाचे एसआरटी स्वरूपातले मजकुरी सबटायटल शोधून फाइलच्या शेजारी ठेवले आणि पुन्हा चालवले. डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले आले आणि त्यानंतर तो चित्रपट एकदाही थांबला नाही.

ट्रान्सकोडिंगची गरजच पडू देऊ नये

जलद ट्रान्सकोडिंगच्या मागे लागण्याआधी ते का होते आहे हे विचारावे. जेलीफिन त्याचे कारण डॅशबोर्डवर स्पष्ट लिहून देतो. प्लेक्समध्ये मूळ आणि रूपांतरित स्वरूपे शेजारी शेजारी दिसतात, त्यांवरून ते ताडता येते.

सगळ्यात साधे कारण ॲपमधल्या गुणवत्तेच्या सेटिंगचे असते. दूरच्या सर्व्हरसाठी बहुतेक ॲपमध्ये घरच्यापेक्षा वेगळी मर्यादा ठेवलेली असते आणि ती बरीच खाली असते. ९ मेगाबिटची फाइल पाहायची आहे आणि ॲपमध्ये मर्यादा २ मेगाबिट ठेवलेली आहे, असे असेल तर सर्व्हर निमूटपणे ट्रान्सकोड करत बसतो, चित्र धूसर दिसते आणि दोष मात्र नेटवर्कला जातो. प्रत्येक उपकरणावर ही मर्यादा ‘मूळ’ किंवा ‘कमाल’ अशी करावी. सर्व्हरच्या बाजूलाही दूरच्या स्ट्रीमवर बिटरेटची मर्यादा घालण्याची सोय असते. ती कोणी कधी घालून विसरले नाही ना, हेही पाहावे.

दुसरे कारण ब्राउझर. ब्राउझरला एमकेव्ही वेष्टन, एचईव्हीसी पद्धतीने आवळलेले चित्र, ट्रूएचडी किंवा डीटीएस प्रकारचा आवाज यांपैकी काही ना काही कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचे रूपांतर सर्व्हरला करावे लागते. त्याच संगणकावर त्या सर्व्हरचे स्वतंत्र ॲप बसवले की बहुतेक फाइली जशाच्या तशा चालू लागतात. सर्व्हर दूर असेल तर नेहमीच्या पाहण्यासाठी ब्राउझर वापरू नये, असेच मी सांगेन.

सबटायटलबद्दल वर आलेच आहे. पीजीएस आणि डीव्हीडीवरची व्हॉबसब सबटायटले चित्रस्वरूप असतात. एएसएस प्रकारात मजकूर असला तरी त्यात अक्षरांची सजावट आणि हालचाल असते, म्हणून काही उपकरणांवर तीही चित्रावर छापावी लागतात. शक्य तेथे एसआरटी ठेवावे, आणि सर्व्हरमधली ‘सबटायटल आपोआप सुरू करा’ ही सोय बंद करावी, म्हणजे कोणाच्या नकळत हा भार पडणार नाही.

एवढे करूनही काही उपकरणांसाठी ट्रान्सकोडिंग अटळ असते. तेव्हा ते प्रोसेसरच्या सामान्य ताकदीवर न करता ग्राफिक्सच्या खास विभागाकडे सोपवावे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाची ही सोय आहे, आणि सातव्या पिढीपासून ती १० बिट एचईव्हीसीही हाताळते, जे ४के फाइलींसाठी आवश्यक असते. जेलीफिनमध्ये ही सोय विनामूल्य आहे. प्लेक्समध्ये त्यासाठी प्लेक्स पास ही सशुल्क वर्गणी लागते. सर्व्हर डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर ग्राफिक्स उपकरण कंटेनरला स्वतंत्रपणे जोडून द्यावे लागते. ते राहून गेले तर सेटिंग चालू दिसते पण काम मात्र प्रोसेसरच करत राहतो. भाड्याच्या आभासी यंत्रांना बहुधा ग्राफिक्स विभाग नसतोच, आणि तेथे ४के एचडीआर चित्राचे रंग साध्या पडद्यासाठी उतरवत ट्रान्सकोड करण्याचा नाद सोडून द्यावा.

अशा यंत्रांसाठी माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे फाइल एकदाच, सवडीने, योग्य स्वरूपात तयार करून ठेवणे. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग वापरून १०८०पी आकाराची, एच.२६४ चित्र आणि दोन वाहिन्यांचा एएसी आवाज असलेली प्रत घरच्या संगणकावर रात्रभरात तयार होते, आणि ही प्रत जवळजवळ प्रत्येक उपकरणावर थेट चालते. हे करताना केवळ सरासरी बिटरेट पाहू नये. सरासरी ८ मेगाबिट असलेली फाइल पाऊस, धूर किंवा गर्दीच्या दृश्यात काही सेकंद २५ मेगाबिटपर्यंतही उसळू शकते आणि नेमकी तेथेच अडकते. म्हणून गुणवत्तेच्या आकड्यासोबत कमाल बिटरेटही घालून द्यावा. गुणवत्तेचा आकडा, म्हणजे सीआरएफ, २० किंवा २१ आणि कमाल १० मेगाबिट ही जोडी दूरच्या सर्व्हरसाठी मला चांगली लागू पडली आहे. प्रत एमपी४ वेष्टनात करणार असाल तर ‘फास्ट स्टार्ट’ हा पर्याय निवडावा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका अन्यथा शेवटी लिहिली जाते, आणि प्लेअरला चित्र सुरू करण्याआधी फाइलच्या टोकाला जाऊन परत यावे लागते. घरच्या डिस्कवर हे जाणवत नाही. दूरच्या साठवणीवर सुरुवातीचे काही सेकंद यातच जातात.

ट्रान्सकोडिंगच्या तात्पुरत्या फाइली एसएसडीवर किंवा मेमरीतल्या डिस्कवर जाव्यात, आणि सर्व्हरचा डेटाबेस तर कधीही नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर ठेवू नये. यादी उघडायला वेळ लागतो पण चित्रपट सुरू झाल्यावर नीट चालतो, अशी तक्रार असेल तर बहुधा डेटाबेसच संथ डिस्कवर असतो.

मार्ग: वेगापेक्षा अंतर आणि गळती

डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले आहे, सर्व्हरचा प्रोसेसर निवांत आहे आणि तरीही चित्र थांबते, असे असेल तर मार्गाकडे वळावे. येथे बरेच जण वेग मोजण्याच्या एखाद्या संकेतस्थळावर जातात, तेथे १०० मेगाबिट दिसतात आणि ते गोंधळतात. ती चाचणी जवळच्या यंत्राशी आणि सहसा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून होते. चित्रपट मात्र दूरच्या यंत्राकडून, बहुधा एकाच जोडणीवरून येतो. म्हणून चाचणीही तशीच करावी. सर्व्हरवर आणि पाहणाऱ्याच्या संगणकावर आयपर्फ३ हे वेग मोजण्याचे साधन बसवावे आणि उलट्या दिशेचा पर्याय वापरून सर्व्हरकडून आपल्याकडे येणारा वेग मोजावा; मूळ पद्धतीत ते आपल्याकडून सर्व्हरकडे जाणारा वेग मोजते, आणि तो आपल्या कामाचा नाही. एकदा एक जोडणी उघडून आणि एकदा चार जोडण्या उघडून मोजावे. दोन्ही वेळा आकडा सारखाच आणि कमी आला तर मार्ग खरोखरच अरुंद आहे. एका जोडणीला ६ आणि चार जोडण्यांना मिळून २४ मेगाबिट आले तर मार्ग रुंद आहे, पण एकट्या जोडणीला तो वापरता येत नाही. हा दुसरा निकाल दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत अतिशय नेहमीचा आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोहोचवण्याची नेहमीची नियमपद्धत, काही डेटा पाठवते, तो पोहोचल्याची पोच येईपर्यंत ठराविक मर्यादेपलीकडे पाठवत नाही, आणि पोच येत गेली की ही मर्यादा वाढवत नेते. काचतंतूमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन परत यायला, मधली सगळी यंत्रे विसरलो तरी, १०० मिलिसेकंद लागतातच. प्रत्यक्ष मार्ग वळणावळणाचा असल्याने २०० मिलिसेकंदही लागतात. एखादे पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वाटेत गळाले की जुन्या पद्धतीची टीसीपी त्याला गर्दीची खूण मानते, वेग खाली आणते आणि पुन्हा हळूहळू चढते. फेरी जितकी लांब तितकी ही चढण संथ. मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यासाठी एक सूत्र मांडले. त्यानुसार हजारात एक पॅकेट गळत असेल आणि फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील तर एका जोडणीला सुमारे २२ मेगाबिट मिळतात. गळती तेवढीच राहून फेरी २०० मिलिसेकंदांची झाली तर जेमतेम सव्वादोन. जोडणी १०० मेगाबिटची असो वा १,००० ची, या आकड्यात काही फरक पडत नाही. अधिक वेगाची जोडणी घेऊनही चित्र का थांबते, याचे उत्तर येथे आहे.

लिनक्समध्ये २००६ पासून क्युबिक ही गर्दी-नियंत्रणाची पद्धत मूळ म्हणून येते. ती लांबच्या मार्गांवर जुन्या पद्धतीपेक्षा बरी असली तरी गळतीला तीही गर्दीच समजते. गूगलने २०१६ मध्ये पुढे आणलेली बीबीआर ही पद्धत गळतीऐवजी मार्गाचा प्रत्यक्ष वेग आणि फेरीचा वेळ मोजून चालते, आणि लिनक्सच्या ४.९ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) ती उपलब्ध आहे. ती फक्त पाठवणाऱ्या बाजूला लागते, म्हणजे पाहणाऱ्याच्या उपकरणाला हातही लावावा लागत नाही. सर्व्हरच्या कर्नल-सेटिंगांमध्ये गर्दी-नियंत्रणाची पद्धत बीबीआर करावी, रांगेची मूळ शिस्त एफक्यू करावी, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही हे टिकेल अशा रीतीने ते सेटिंगांच्या फाइलमध्ये लिहून ठेवावे. आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांवर याचा परिणाम होत नाही, म्हणून चित्रपट बंद करून पुन्हा सुरू करावा. वर सांगितलेला ६ आणि २४ असा निकाल ज्यांना मिळतो त्यांनी सर्वांत आधी हाच उपाय करावा असे मी आग्रहाने सांगतो, कारण त्याला खर्च नाही आणि तो मागेही घेता येतो. कंटेनर पद्धतीने विकल्या जाणाऱ्या आभासी यंत्रांवर कर्नल यजमानाचा असतो, तेथे मात्र यजमानाने सोय दिली असेल तरच हे जमते.

टीसीपीचे बफर वाढवण्याचा सल्लाही जागोजागी दिला जातो. त्याचा हिशेब आधी करावा. २०० मिलिसेकंदांच्या मार्गावर २० मेगाबिटसाठी एका वेळी वाटेत असणारा डेटा फक्त अर्धा मेगाबाइट भरतो, आणि लिनक्समध्ये पाठवण्याच्या बफरची मूळ कमाल मर्यादा ४ मेगाबाइट असते. म्हणजे १०८०पी पाहणाऱ्याला बफर वाढवून काहीही मिळणार नाही. त्यापेक्षा उपयोगी आणि बरेचदा दुर्लक्षित असे दुसरे एक सेटिंग आहे. लिनक्सची टीसीपी थोडा वेळ शांत राहिलेल्या जोडणीचा वेग पुन्हा तळापासून चढवायला सुरुवात करते. ट्रान्सकोड केलेले चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी पाठवले जाते आणि दोन तुकड्यांमध्ये जोडणी शांत असते, त्यामुळे लांबच्या मार्गावर प्रत्येक तुकडा ही चढण नव्याने चढतो. ‘शांततेनंतर संथ सुरुवात’ हे कर्नल-सेटिंग शून्य केले की हा त्रास जातो.

गळती नेमकी कोठे होते हे पाहण्यासाठी एमटीआर हे वाटेतला प्रत्येक टप्पा तपासणारे साधन वापरावे, आणि ते सर्व्हरकडून आपल्याकडे असे चालवावे, कारण परतीचा मार्ग वेगळा असू शकतो. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के गळती दिसली आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, तर घाबरण्याचे कारण नाही. तो राउटर फक्त चाचणीच्या पॅकेटांना उत्तर द्यायला टाळाटाळ करतो आहे. एखाद्या टप्प्यापासून सुरू झालेली गळती शेवटपर्यंत टिकून राहिली तरच ती खरी. ती रोज संध्याकाळीच दिसत असेल तर दोन पुरवठादारांमधल्या सांध्यावर गर्दी होत असते. ती आपल्याला दूर करता येत नाही, वळसा मात्र घालता येतो. पाहणाऱ्याच्या जवळ किंवा मधल्या वाटेवर एक छोटे आभासी यंत्र घेऊन त्यावर रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे पाहणाऱ्याची मागणी सर्व्हरकडे पुढे पाठवणारा मध्यस्थ, बसवला की एक लांब जोडणी दोन आखूड जोडण्यांमध्ये विभागली जाते. गळालेले पॅकेट मग जवळून पुन्हा पाठवले जाते, आणि डेटाची वाटही बदलते. त्यासाठी एनजिनएक्स हा प्रोग्राम वापरत असाल तर त्यातले प्रॉक्सी बफरिंग बंद करावे, नाहीतर तो पाहणाऱ्याच्या वेगाची वाट न पाहता एक गिगाबाइटपर्यंतचा डेटा छोट्या यंत्राच्या डिस्कवर ओढून ठेवतो.

सर्व्हर घरी असेल तर

घरच्या सर्व्हरसाठी महत्त्वाचा आकडा अपलोडचा असतो, आणि अनेक घरगुती जोडण्यांमध्ये तो डाउनलोडच्या मानाने फारच लहान असतो. त्यात फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये आणि जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने हिशेब आठ पटींनी चुकतो. दोन तासांचा ९ गिगाबाइटचा चित्रपट म्हणजे सरासरी १० मेगाबिट प्रति सेकंद. अपलोड १२ मेगाबिट असेल तर तो एकट्याने कसाबसा चालेल, आणि घरातल्या कोणाच्या फोनने छायाचित्रे वर पाठवायला सुरुवात केली की थांबेल. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे डेटाची रांग आटोक्यात ठेवण्याची, सोय असेल, जशी ओपनडब्ल्यूआरटी या राउटर-प्रणालीमध्ये आहे, तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधून घ्यावी. वेग किंचित कमी होतो, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि एका कामामुळे दुसरे गुदमरत नाही.

प्लेक्सच्या ॲपमध्ये जोडणी ‘इनडायरेक्ट’ दिसत असेल तर डेटा थेट न येता प्लेक्सच्या रिलेमार्गे, म्हणजे कंपनीच्या मधल्या सर्व्हरमार्गे, येतो आहे. तेथे फार तर २ मेगाबिटची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात १०८०पी बसणार नाही. राउटरवर ३२४०० हे पोर्ट सर्व्हरकडे वळवले की जोडणी थेट होते. राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे, आणि पोर्ट वळवून उपयोग होणार नाही. अशा वेळी पुरवठादाराकडे स्वतंत्र पत्ता मागावा, आयपीव्ही६ वापरावे किंवा टेलस्केलसारखे खासगी जाळे उभारावे. टेलस्केल वापरताना जोडणी ‘डायरेक्ट’ झाली आहे की ‘रिले’वर अडकली आहे हे त्याच्या स्थितीच्या यादीत दिसते, रिलेवर असेल तर चित्रपटापुरता वेग बहुधा मिळत नाही. वायरगार्ड वापरून असे खासगी जाळे स्वतःच उभारले असेल आणि याद्या व पोस्टर नीट उघडूनही चित्रपट सुरूच होत नसेल, तर मोठी पॅकेटे वाटेत टाकली जात असण्याचा संभव असतो. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, १४२० असतो. तो १३८०, मग १२८० असा उतरवून पाहावा.

फाइली क्लाउड साठवणीत असतील तर

काही जण सर्व्हर एका ठिकाणी आणि फाइली दुसऱ्याच कंपनीच्या साठवणीत ठेवतात आणि आरक्लोन या प्रोग्रामने ती साठवण डिस्कसारखी जोडतात. येथे चित्र पुढे सरकवताना होणारा उशीर मुख्यतः आरक्लोनच्या कॅशेवर, म्हणजे वाचलेला डेटा तात्पुरता ठेवण्याच्या जागेवर, अवलंबून असतो. व्हीएफएस कॅशे ‘फुल’ पद्धतीत ठेवावा आणि त्यासाठी स्थानिक एसएसडीवर जागा द्यावी. मात्र कॅशेच्या आकाराला मर्यादा घालायला विसरू नये, कारण मूळ सेटिंगमध्ये मर्यादा नसते आणि भरलेल्या डिस्कमुळे सर्व्हरच बंद पडतो. आरक्लोन साठवणीतून फाइल तुकड्यातुकड्यांनी मागवतो, आणि मूळ सेटिंगमध्ये पहिला तुकडा १२८ मेगाबाइटचा असतो. तो ३२ वर आणून चित्र लवकर सुरू होते का हे आपल्या साठवणीवर मोजून ठरवावे. सर्व्हरची पार्श्वभूमीतली कामे येथे विशेष त्रासदायक ठरतात. प्रीव्ह्यूची छोटी चित्रे बनवणे, प्रारंभीची शीर्षके ओळखणे यांसाठी सर्व्हर फाइलींचे मोठे भाग, कधी पूर्ण फाइलही, वाचतो. म्हणजे सगळा संग्रह क्लाउडमधून ओढून घेतो आणि तेवढ्यात कोणी चित्रपट पाहत असेल तर त्याची गाडी अडते. क्लाउडमधल्या संग्रहांसाठी ही कामे बंदच ठेवावीत.

शेवटचे काही मीटर

सर्व्हर, मार्ग आणि साठवण निर्दोष ठरल्यावरही एक जागा उरते, ती म्हणजे पाहणाऱ्याची खोली. २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय शेजारच्या राउटरांच्या गर्दीत सहज कोलमडते, म्हणून संच ५ गिगाहर्ट्झवर न्यावा किंवा वायर टाकावी. पण वायर नेहमीच बरी असते असेही नाही. बऱ्याच दूरचित्रवाणी संचांचे इथरनेट पोर्ट अजूनही १०० मेगाबिटचे असते. १०८०पी साठी ते पुरून उरते, परंतु ४के ब्लू-रेवरून थेट काढलेल्या फाइलीचा बिटरेट काही क्षण त्याच्या वर जातो, कारण त्या डिस्कची कमाल मर्यादाच १०० मेगाबिटच्या वर आहे. असे संच ५ गिगाहर्ट्झ वायफायवर नीट चालतात आणि वायर लावल्यावर अडखळतात, हे मी स्वतः पाहिले आहे. संशय असेल तर त्याच खोलीत, त्याच वायरला गिगाबिट पोर्ट असलेला संगणक लावावा आणि तीच फाइल त्याच दृश्यापासून चालवावी. संगणकावर ती न थांबता चालली तर सर्व्हरला आणि मार्गाला दोष देणे थांबवावे, आणि त्या संचाला गिगाबिट पोर्ट असलेली वेगळी स्ट्रीमिंग पेटी जोडावी.